म्हशीला चौदा, हिला शून्य

हे मी राजीखुशीनं लिवत न्हाई, पयलंच सांगून ठिवतो. सकाळी सुनंनं वही म्होरं टाकली आन म्हणली, "मामा, लोक फोन करून करून विचारतायत. काय झालं ते एकदा लिहून टाका." चहाचा कप तिनं तिच्या बाजूला ठिवलाय. पयलं पान भरल्याबिगर मिळायचा न्हाई म्हणं. चौथी पास झालेल्या सत्तर वर्सांच्या माणसाला असं वेठीला धरत्यात का? (तिसरी पास. चौथीला नुसता बसलो हुतो.)

आमी गलाईवाली माणसं. विट्याजवळ तांबडवाडी आमचं गाव. हितल्या दर दोन घरांतलं एक घर परमुलखात, भट्टीवर. सोनाराचं मोडीतलं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून खोट काढायची, चोख सोनं परत द्यायचं. मी अडतीस वर्सं केरळात त्रिचूरला हेच केलं. आता तिथं माझा पोरगा रविराज बसतो, आन मी हितं वट्ट्यावर बसून समद्यांची खोट काढतो.

आमची सून मयूरी वाईची. घरातनंच सांगलीच्या एका कंपनीचं कंप्युटरचं काम करती. तिनं गावाची वेबसाइट काढली. कारण काय, तर आमची पोरं वाढली गुवाहाटीत न्हाईतर कोइमतूरला, जत्रंला गावात आली की चुलत्याला 'अंकल' म्हणत्यात आन परक्याच्या पाया पडत्यात. म्हणून वेबसाइटवर दर माणसाचं एक पान. फोटो, कुणाचा कोण, भट्टी कुठं. मला म्हणली, "मामा, तुम्ही दिवसभर जुनं बोलत असता, तेच लिहा." मी दोन वह्या भरल्या. ती टाइप करायची, आन जिथं नाव आलं तिथं हातानं लिंक लावायची. नाव निळं दिसायचं, त्याला बोट लावलं की त्या माणसाचं पान उघडायचं.

एक दिस मी तिला म्हणलं, "आगं, एकेक नाव शोधत कवापातूर बसणार? ह्याला यंत्र न्हाई व्हय?"

एवढंच बोललो. तोंड गप ठिवलं असतं तर आज चहा तरी गरम मिळाला असता.

दोन दिसांत तिनं प्रोग्रॅम लिवला. मी इचारलं, ह्यात दोन दिस जाण्यासारखं काय हुतं? तर म्हणली, "मामा, पान वरून दिसतं तसं आत नसतं. आत एचटीएमएल असतं. टॅग, मथळे, फोटोची नावं, आधीच्या लिंक, सगळं एकात एक. नुसतं शोधून बदलत गेलं तर फोटोच्या पत्त्यातलं नावसुद्धा बदलतं आणि पानच मोडतं. म्हणून आधी पार्सर. तो पान सुटं करतो. टॅग वेगळे, मजकूर वेगळा. मग मजकुरातली तेवढी नावं उचलायची, लिंक लावायची, आणि पान होतं तसं परत जोडायचं."

"म्हंजी गलाईच की," मी म्हणलं. "खडा येगळा, लाख येगळी, सांध्याचा डाग येगळा. सोनं तेवढं उचलायचं."

"अगदी तसंच!" म्हणली. लगीन होऊन आल्यापास्नं सुनंनं माझं म्हणणं पयल्यांदा मान्य केलं. (तारीख कॅलेंडरवर लिवून ठिवलीय.)

मग यादी. डावीकडं नाव, उजवीकडं कुणाच्या पानावर न्यायचं ते. मी एकशे बारा नावं दिली, ज्यांची नावं माझ्या वह्यांत आली त्या समद्यांची. काही तिनं तिच्या तिनं घातली. मग इचारलं, "एका पानावर एक नाव दहा वेळा आलं तर पहिल्याच वेळी लिंक लावू ना? नाहीतर सगळं पान निळं होईल."

"आजाबात न्हाई," मी म्हणलं. "जितक्या येळा नाव, तितक्या येळा लिंक. लग्नपत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून हितं माणसं पाच पाच वर्सं बोलत न्हाईत. उगं कुणाचा रुसवा नको."

रुसवा नको म्हणून बोललो बरं का. लक्षात ठिवा.

ज्या दिशी यंत्र चालवलं त्या दिशी सकाळचं अकरा वाजलं असतील. मयूरी माजघरात लॅपटॉप घिऊन, मी खाटंवर, आन आमची मंडळी सैपाकघरात भाकरी थापत. यंत्र चाललं, आन शेवटी त्यानं हिशेब काढून दिला, कुणाच्या नावाला किती लिंक लागल्या. मयूरी मोठ्यानं वाचाय लागली.

"नानासो, एकतीस."

नानासो माझा भट्टीवरचा जोडीदार. आता हितंच असतो, दोन गल्ल्या सोडून. बरुबर हाय, म्हणलं.

"औंधची यमाई, नऊ. रविराज, बावीस. चंद्री, चौदा... मामा, चंद्री कोण?"

"म्हस. पयली म्हस आपली."

"तिचं पान आहे?"

"फोटो तूच लावलास की."

मयूरी हसली आन तशीच हसत म्होरं वाचली, "सुलाबाई..." आन एकदम थांबली. मग लय बारीक आवाजात म्हणली, "शून्य."

सैपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

आमची मंडळी उंबऱ्यात आली. दोन्ही हात पिठाचं. "काय म्हणलीस गं?"

"काही नाही आत्या. मशीनची काहीतरी..."

"म्हशीला किती?"

मयूरी माझ्याकडं बघाय लागली. मी छताकडं बघाय लागलो.

"चौदा," मयूरी म्हणली.

"आन मला?"

आता मी मधी पडलो. (पडायला नको हुतं.) "आगं, समद्या वहीत तूच हाईस की! पानापानावर हाईस. 'ही म्हणली', 'हिनं केलं', 'आमची मंडळी', 'घरचं माणूस'. ही म्हंजी कोण? तूच की!"

"मामा," मयूरी म्हणली, "आत्यांचं नाव मी यादीत घातलं होतं. पण वहीत ते एकदाही नाही. मशीनला 'ही' कशी कळणार?"

"त्याला कळत न्हाई तर ते यंत्र कसलं? गावात शेंबड्या पोराला कळतं, मी 'ही' म्हणलं की कोण ते!"

आता मला सांगा, बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत हाय का? माझ्या बापानं आईचं नाव उभ्या जन्मात घेतलं न्हाई. रेशनकार्डावर नाव घालताना सुदीक तलाठ्याला म्हणला, 'तुमीच इचारा तिला'. मी लग्नात एकदा उखाणा घेतला, तोबी मागनं माझ्या आत्यानं चिमटा काढला तवा. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्सं झाली. त्याच्यानंतर 'आगं' आन 'ऐकतीस का' ह्यावर संसार झाला. चांगला झाला.

हिनं हात धुतलं, लुगडं बदललं, पिशवी भरली. कवठे महांकाळला तिचा धाकटा भाऊ अर्जुना असतो. चपला घालताना एवढंच म्हणली, "आता चंद्रीला सांगा भाकरी थापाय."

चंद्री जाऊन तीस वर्सं झाली. पर ते बोलायची ती येळ नव्हती.

पयलं दोन दिस मी म्हणलं, यील. तिसऱ्या दिशी म्हणलं, न्हाई आली तर न्हाई. चौथ्या दिशी मयूरीच्या चपात्या खाऊन माझा रागच मऊ पडला. (चपाती खाऊन माणसाला धड रागवाय सुदीक येत न्हाई.) घरात कुणी 'गोळी घेतली का' म्हणंना, कुणी 'पंखा बंद करा' म्हणंना. मी मुद्दाम पंखा दिवसभर चालू ठिवून बघितला. पंखा फिरतच ऱ्हायला. कुणी काय म्हणलं न्हाई.

पाचव्या दिशी मी मयूरीला म्हणलं, "वहीत जिथं जिथं 'ही' हाय, तिथं नाव घालून टाक. किती हायेत?"

"सत्तेचाळीस आहेत. पण मी घालणार नाही. तुम्ही तुमच्या हातानं घाला."

बसलो. पेन उचललं. तेजाबाच्या वाफंत अडतीस वर्सं ह्यो हात चुकला न्हाई, त्यानं त्या दिशी 'सु' तीनदा खोडला. इकडं तिकडं बघितलं, कुणी बघतंय का. पयलं नाव लिवलं आन वही झाकली, उठून पाणी प्यालो. मग दुसरं लिवलं. धाव्या नावाच्या म्होरं जरा सवय झाली. संध्याकाळपातूर सत्तेचाळीस झाली.

मयूरी म्हणली, "मामा, एकदा वाचून बघता का नीट? मग लावते."

"वाचायचं काय त्यात? मीच लिवलंय. लाव."

तिनं टाइप केलं, यंत्र चालवलं. सुलाबाई, सत्तेचाळीस. नानासोच्या बी वर! मी म्हणलं, आता बघू कशी येत न्हाई. वेबसाइटवर नवं काय आलं की समद्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर आपोआप मेसेज जातो. गेला.

आता झालं काय, ते मला दुसऱ्या दिशी कळलं. मी स्वभावानं जरा तिखट. चांगलं झालं तर मी लिवत न्हाई. चांगलं व्हायचंच असतं, त्यात लिवायचं काय? 'ही' जिथं जिथं आली हुती तिथं बहुतेक करून माझी तक्रार हुती. तवा ती तक्रार नुसत्या 'हिची' हुती. वाचणाऱ्याला वाटायचं, चालायचंच, समद्यांच्या घरात एक 'ही' असती. आता तिथं नाव पडलं. आन नावाला निळी रेघ. आन रेघंला बोट लावलं की फोटो, लगीनसराईतला, नथ घातलेला.

सुलाबाईनं आमटीत दोनदा मीठ टाकलं. (बोट लावा, फोटो.) सुलाबाईपायी गाडी चुकली. (फोटो.) सुलाबाई बाजारात गेली की भाजीवाल्यासंगं मल्याळीत दोन दोन घंटं बोलायची, तिला काय कळायचं देव जाणं. (फोटो.) सुलाबाई दुकानाचा केर पोत्यानं घरात साठवायची, घराचा उकिरडा केला हुता. (फोटो. नथ. हसतीया.)

सकाळी सात वाजता पयला फोन गुवाहाटीहून. मग मदुराई. मग नानासो सोताच दारात आला.

"नाथाजी, लेका, वैनीला असं चव्हाट्यावर आणलंस व्हय रं?"

"मी तिचं मन राखाय नाव घातलं गड्या!"

"असलं मन राखण्यापरीस म्हशीचं पंधरावं नाव घातलं असतंस तर परवडलं असतं."

आन मग कवठे महांकाळहून अर्जुनाचा फोन.

"दाजी, काल सांजच्याला अक्कानं पिशवी भरली हुती."

"व्हय?"

"म्हणली, गोळ्या घेत नसतील, जाते. चप्पल घातली हुती दाजी. तेवढ्यात माझी लेक मोबाइल घिऊन पळत आली, 'आत्या, मामांनी तुझं नाव लिवलंय!' अक्का उंबऱ्यातच बसली. म्हणली, वाच."

"मग?"

"मीठ ऐकलं. गाडी ऐकली. केराचं ऐकलं आन मग चप्पल काढली."

एका चपलंचं अंतर ऱ्हायलं हुतं! मी तसाच उठलो, टोपी घातली आन पयली यस्टी धरली.

अर्जुनाची द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. जाऊन बघतो तर शेडात वीस-पंचवीस बायका वळीनं बसून बेदाणा निवडत्यात. धुळीपायी समद्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली, नुसतं डोळं उघडं. आन अर्जुना हाताची घडी घालून दारात. तोंडावर हसू.

मी दारातनंच हाक दिली, "आगं ए!"

पंचवीस बायकांनी वर बघितलं.

"ऐकतीस का!"

"आमी समद्याच ऐकतोय बाबा," एकजण म्हणली. "कोण पायजे?"

"आमची मंडळी आलीया हितं."

"मंडळी तर लय हाय. कुणाची?"

"माझी! घरचं माणूस!"

"घरच्या माणसाला नाव असंल की न्हाई?" बोलली ती त्यांच्यातली म्हातारी, मनुबाई. आगाऊपणाला वयाचा उपेग करणारी. "उखाणा नको हो पावणं. नुसतं नाव बी चालंल."

समदं शेड हसाय लागलं. एकच बाई हसली न्हाई. पार कडंला, मान खाली घालून, लय भरभर बेदाणा निवडत हुती. मला वळख पटली. पर नुसती वळख पटून भागणार नव्हतं. माझ्या मनात आलं, ते यंत्र काय येगळं म्हणत हुतं? त्येला बी पंचवीस बायका फडकं बांधूनच दिसत असतील. नावानं हाक मारल्याबिगर ते वळखणार कसं?

"घ्या दाजी, घ्या नाव," अर्जुना म्हणला. "वहीत सत्तेचाळीस येळा घेतलंय. अठ्ठेचाळीसावं आमच्या कानावर घाला."

मी टोपी काढली. परत घातली. आन भट्टीचा भाता फुटावा तसा आवाज निघाला, "सुलाबाई!"

बाहेरच्या झाडावरची पाखरं उडाली.

कडंच्या बाईनं तोंडावरचं फडकं काढलं. "वरडताय कशाला? भैरी न्हाई मी."

शेडामागं लिंबाखाली दोघं बसलो. मी म्हणलं, "समदं काढून टाकाय सांगतो मयूरीला. आजच्या आज."

"काढायचं न्हाई."

"मग?"

"समद्या देशानं वाचलं, आता काढून काय हुतंय? तुमचं तुमी लिवलं. आता माझं मी लिवणार. माझ्या पानावर."

"तू? तुला जमंल लिवाय?"

"तुमच्यापरीस एक यत्ता जास्ती झालीया माझी."

मी तिची पिशवी उचलली. संध्याकाळच्या यस्टीनं आलो. खिडकीची जागा तिला दिली. (तिनं घेतली. मी दिली असं म्हणायचं.) येताना निम्म्या वाटंत म्हणली, "गोळ्या घेतल्या का?" मी म्हणलं, "न्हाई." म्हणली, "वाटलंच." एवढं बरं मला त्या आठवड्यात कशानंच वाटलं नव्हतं.

मग आठ दिस ती बोलत हुती आन मयूरी टाइप करत हुती. दार आड करून. आतनं हसायचा आवाज. मी सतरांदा पाणी मागायच्या निमित्तानं गेलो. पाणी मिळालं. आत घेतलं न्हाई.

वीस पानं झाली. यंत्र चालवलं. मयूरीनं वाचलं, "नानासो, सहा. रविराज, अकरा. चंद्री, दोन." मग माझ्याकडं बघितलं. "नाथाजी, शून्य."

"शून्य? आगं, वीस पानं कुणावर लिवलीत मग?"

"तुमच्यावरच आहेत मामा. पण सगळीकडे 'हे' आणि 'ह्यांनी'."

ही दारातनं म्हणली, "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुक्ष कमी हुतं म्हणत्यात."

"आन वीस पानं उणंदुणं लिवल्यानं वाढतं व्हय?"

"वाचून बघा," म्हणली आन आत गेली.

मयूरीनं वाचून दावलं. 'भट्टी फुकताना ह्यांची अर्धी मिशी जळाली, ती झाकाय म्हैनाभर तोंडाला रुमाल बांधून हिंडले.' (खोटं. पंधरा दिस.) 'अडतीस वर्सांत ह्यांना तिथली भाषा आली न्हाई. दुकानात गिऱ्हाइकासंगं भाव कोण ठरवायचं, तर आतनं मी. ती भाषा मी भाजीवाल्यापाशी दोन दोन घंटं बोलून शिकले. आमटीत मीठ दोनदा पडलं, कारण एकदा मी टाकलं आन एकदा ह्यांनी.'

मग केराचं आलं. 

'दुकानाच्या केरात सोन्याची भुकटी पडती, ते ह्यांना ठावं हुतं. पर दिसभराचा केर एवढासाच, त्यात काय निघायचं, म्हणून ह्ये फेकून द्या म्हणायचं. मी साठवला. पाच वर्सं साठवला. नानासो भावजींनी जाळून, धुवून, गाळून दिला. त्यात आत्याबाईंच्या, म्हंजी ह्यांच्या आईच्या, दोन्ही डोळ्यांचं आप्रेशन मिरजंला झालं. ह्यांना सांगितलं न्हाई. भट्टीचं त्या वर्सी लय वाईट चाललं हुतं, आन आईचं आपल्याकडनं झालं न्हाई हे ह्यांच्या मनाला लागलं असतं. थोरल्या भावजींनी केलं म्हणून सांगितलं.'

मी उठून भाहेर गेलो. भाहेर काय काम नव्हतं. परत आत आलो.

थोरल्या भावाच्या पाया पडलो हुतो मी. एकदा मिरजंत, एकदा घरी दिवाळीला. आन त्यानं बी डोक्यावर हात ठिवून 'असू दे रं, असू दे' म्हणून घेतलं हुतं! आता तो वर गेला, त्याला इचारायची सोय न्हाई.

सैपाकघरात जाऊन मी हिला म्हणलं, "सांगितलं का न्हाईस?"

"इचारलं कवा तुमी? तुमी म्हणला, घराचा उकिरडा केलास."

"म्हणून तीस वर्सं गप बसायचं?"

"तुमी गप बसला असता तर मी बोलले असते," म्हणली आन भाकरी तव्यावर टाकली.

तवापास्नं फोन हायेत ते हायेतच. आता समद्यांना तिचीच पानं वाचायची असत्यात, माझ्या वह्या कोण उघडत न्हाई. तिचं वाचून झाल्यावर इचारत्यात, 'ह्यातलं हे म्हंजी कोण हो?' मी सांगत न्हाई.

माफीचं म्हणाल तर हिशेब साफ हाय. मयूरीनं मागितली, शून्य मोठ्यानं वाचल्याबद्दल. अर्जुनानं मागितली, संगं दोन किलो बेदाणा धाडला. नानासो म्हणला, "वैनीनं शपथ घातली हुती गड्या, न्हाईतर कवाच बोललो असतो." मी म्हणलं, जाऊ दे. मी मागायची म्हणाल तर मी कशाला मागू? मला काय ठावं हुतं?

ऱ्हायलं एकच माणूस. मला तीस वर्सं अंधारात ठिवून, नको त्या माणसाच्या दोनदा पाया पडाय लावणारं. त्या माणसानं माझी माफी अजून मागितलेली न्हाई, आन मागायची लक्षणं बी दिसत न्हाईत. नाव लिवायला आता मला भ्या न्हाई. पर मी लिवलं की मयूरीचं यंत्र त्याच्याखाली निळी रेघ ओढणार, तुमी बोट लावणार, सरळ तिच्या वीस पानांवर जाऊन बसणार, आन तिथनं परत येऊन मलाच म्हणणार, 'नाथाजी, माफी तूच माग.' म्हणा काय म्हणायचं ते. तरी लिवतो: सुलाबाई.